चालू क्लस्टरमध्ये कुबरनेटीसच्या वर्कर नोडचं कॉन्फिगरेशन बदलताना

कुबरनेटीस क्लस्टरमध्ये ज्या मशीनवर ॲप्लिकेशन चालतात ती मशीन म्हणजे वर्कर नोड. अशा नोडवरची एखादी सेटिंग बदलणं हे दिसायला दोन मिनिटांचं काम आहे. फाइल उघडायची, आकडा बदलायचा, सर्व्हिस रीस्टार्ट करायची. अडचण अशी की त्या क्षणी त्या नोडवर तीस-चाळीस पॉड (ॲप्लिकेशनचे कंटेनर ज्यात चालतात ते एकक) काम करत असतात आणि त्यांतले काही जागचे हलायला तयार नसतात. शिवाय फाइलमध्ये आपण लिहिलेला आकडा आणि कुबलेट (नोडवर पॉड चालवणारी सर्व्हिस) प्रत्यक्षात वापरत असलेला आकडा वेगळे असू शकतात, आणि तसं असलं तरी कुठेही लाल दिवा लागत नाही. खालची पद्धत या दोन धोक्यांना धरून बेतलेली आहे.

कमांड, फील्ड आणि फाइलींची नावं इथे उच्चारानुसार देवनागरीत लिहिली आहेत. टाइप करताना अर्थातच मूळ रोमन स्पेलिंग वापरायचं, लहान-मोठ्या अक्षरांसकट.

उदाहरण म्हणून कुबएडीएम या क्लस्टर उभारणीच्या साधनाने उभं केलेलं एक क्लस्टर धरू. आठ वर्कर नोड, प्रत्येकाला ४ कोअर आणि १६ जीबी मेमरी. तक्रार अशी की मेमरी भरली की पॉडऐवजी अख्खा नोडच गुदमरतो: कुबलेट आणि कंटेनर प्रत्यक्ष चालवणारा कंटेनरडी यांनाच मेमरी उरत नाही आणि नोड नॉटरेडी, म्हणजे कामाला तयार नाही असा, होतो. उपाय माहितीचा आहे. सिस्टिमसाठी आणि कुबलेटसाठी मेमरी राखून ठेवायची आणि पॉड बाहेर काढण्याची मर्यादा, म्हणजे इव्हिक्शनची पातळी, वर न्यायची.

सेटिंग राहते कुठे

हे नीट कळल्याशिवाय कशालाही हात लावू नये, कारण एकच सेटिंग चार ठिकाणी असू शकते.

पहिली जागा क्लस्टरच्या आत आहे: कुब-सिस्टिम नेमस्पेसमधला कुबलेट-कॉन्फिग नावाचा कॉन्फिगमॅप, म्हणजे क्लस्टरमध्येच साठवलेली सेटिंग. आवृत्ती १.२४ च्या आधी या नावाच्या शेवटी आवृत्तीचा आकडा असायचा. जुन्या क्लस्टरवर काम करताना ते लक्षात ठेवा, नाहीतर कॉन्फिगमॅप सापडतच नाही. हा कॉन्फिगमॅप म्हणजे फक्त मूळ प्रत. चालू नोड त्याच्याकडे बघत नसतात. त्यात बदल केला म्हणून एकाही चालू नोडवर काही घडत नाही.

दुसरी जागा प्रत्येक नोडवरची फाइल, /व्हार/लिब/कुबलेट/कॉन्फिग.यॅमल. कुबलेट सुरू होताना हीच वाचतो आणि फक्त सुरू होतानाच वाचतो. मध्येच बदललेली फाइल तो आपणहून पुन्हा वाचत नाही. पूर्वी डायनॅमिक कुबलेट कॉन्फिगरेशन नावाची सोय होती, पण ती १.२४ मध्ये कुबलेटमधून काढून टाकली. तिच्यावर आधारलेले जुने लेख वाचत असाल तर बाजूला ठेवा.

तिसरी जागा ड्रॉप-इन डिरेक्टरी. कॉन्फिग-डिर हा पर्याय दिला असेल तर त्या डिरेक्टरीतल्या .कॉन्फ शेवट असलेल्या फाइली नावाच्या क्रमाने वाचल्या जातात आणि मुख्य फाइलमधल्या मूल्यांवर बसतात. ही सोय १.२८ मध्ये आली आणि १.३० मध्ये बीटा झाली.

चौथी जागा सगळ्यांत फसवी: कमांडलाइनवरचे फ्लॅग. कुबएडीएम काही फ्लॅग /व्हार/लिब/कुबलेट/कुबएडीएम-फ्लॅग्ज.एन्व्ह या फाइलमध्ये लिहितो. त्याशिवाय डेबियन घराण्यात /इटीसी/डिफॉल्ट/कुबलेट आणि रेड हॅट घराण्यात /इटीसी/सिसकॉन्फिग/कुबलेट या फाइलींत कोणीतरी कधीकाळी हाताने टाकलेले फ्लॅग असू शकतात. फ्लॅग आणि फाइल यांचं पटलं नाही तर फ्लॅग जिंकतो. "फाइल बदलली, रीस्टार्ट केलं, तरी जुनाच आकडा दिसतो" या तक्रारीचं मूळ बहुतेक वेळा इथेच सापडतं. म्हणून आधी नोडवर चालू प्रोसेसची पूर्ण कमांडलाइन पाहा. पीएस कमांडने कुबलेटची ओळ काढली की सगळे फ्लॅग समोर येतात.

कोणत्या बदलाला काय लागतं

प्रत्येक बदलासाठी नोड रिकामा करावा लागतो असं नाही आणि प्रत्येक बदल नुसत्या रीस्टार्टवर भागतो असंही नाही.

लॉग फाइलचा आकार, इमेज साफ करण्याच्या टक्केवाऱ्या, इमेज एकामागून एक ओढायच्या की एकदम: असे बदल कुबलेट रीस्टार्ट करून होतात. कुबलेट थांबला तरी कंटेनर चालूच राहतात. कुबलेट दर १० सेकंदांनी आपली लीज, म्हणजे नोड जिवंत असल्याची नोंद, ताजी करतो. ती सुमारे ४० सेकंद (१.३२ पासून ५० सेकंद) ताजी झाली नाही तरच नोडला नॉटरेडी ठरवलं जातं आणि त्यानंतरही पॉडला डिफॉल्टने ३०० सेकंदांची सवलत असते. त्यामुळे काही सेकंदांचा रीस्टार्ट बाहेर कोणाला जाणवत नाही. पण चुकीच्या फाइलमुळे कुबलेट उठलाच नाही, तर चूक दुरुस्त करायला हातात साधारण साडेपाच मिनिटं असतात. त्यानंतर त्या नोडवरचे पॉड हुसकावले जायला लागतात.

राखीव मेमरी, कमाल पॉडसंख्या, सीपीयू मॅनेजरचं धोरण, सीग्रुप ड्रायव्हर (सीग्रुप म्हणजे प्रोसेसच्या मेमरी-सीपीयूवर मर्यादा घालणारी कर्नलची सोय): या बदलांसाठी नोड रिकामा करायलाच हवा. कारण समजून घेण्यासारखं आहे. कुबलेट पुन्हा सुरू झाला की नोडवर आधीपासून असलेल्या पॉडना तो नव्या हिशोबाने पुन्हा एकदा दारातून आत घेतो, जुने आधी या क्रमाने. नव्या हिशोबात जागा पुरली नाही तर शेवटी राहिलेले पॉड आउट-ऑफ-मेमरी किंवा आउट-ऑफ-पॉड्स असा शेरा मिळून बाद होतात. हे ड्रेनसारखं, म्हणजे नोड रिकामा करणाऱ्या कमांडसारखं, सभ्यपणे होत नाही. पॉड डिसरप्शन बजेट, म्हणजे पीडीबी (ॲप्लिकेशनचे एका वेळी किती पॉड हलवता येतील याची मर्यादा), इथे विचारातच घेतलं जात नाही. शिवाय सगळ्या पॉडच्या वर जो एकत्रित सीग्रुप असतो त्याची मेमरीची मर्यादा त्याच क्षणी खाली येते. वापर तिच्या वर असेल तर कर्नल एखादी प्रोसेस मारून जागा करतो.

काही गोष्टी मात्र चालू नोडवर बदलतच नाहीत. रजिस्टर-विथ-टेन्ट्समधले टेन्ट (ठरावीक पॉडनाच नोडवर येऊ देणाऱ्या खुणा) नोड पहिल्यांदा क्लस्टरमध्ये नोंदला जातो तेव्हाच लागतात. नंतर फाइल बदलून ढिम्म काही होत नाही, कुबसीटीएल या क्लस्टरच्या कमांडलाइन साधनाच्या टेन्ट कमांडनेच ते लावावे लागतात. नोडला मिळालेला पॉड आयपींचा पट्टाही बदलता येत नाही. डिफॉल्टने नोडला /२४ पट्टा मिळतो, म्हणजे २५६ पत्ते, आणि कमाल पॉडसंख्या डिफॉल्टने ११० असते. ती २५० च्या पुढे न्यायची असेल तर मोठा पट्टा देऊन नोड नव्याने जोडावा लागतो. नुसता आकडा वाढवला तर पॉड नोडवर येतात आणि आयपी न मिळाल्यामुळे कंटेनर-क्रिएटिंग अवस्थेत अडकून बसतात.

आधी हिशोब

कुबसीटीएल डिस्क्राइब नोड करून क्षमता पाहा. १६ जीबीच्या मशीनवर ती पूर्ण १६ दिसत नाही, कर्नलने आपला वाटा आधीच घेतलेला असतो. समजा १५,९०० एमआय (मेबिबाइट) दिसते. आपल्याला कुबलेटसाठी १,०२४, सिस्टिमसाठी ५१२ आणि इव्हिक्शनची पातळी ५०० एमआय ठेवायची आहे. तिन्ही वजा केल्यावर पॉडसाठी उरतात १३,८६४ एमआय. आजवर फक्त डिफॉल्ट १०० एमआय वजा होत होते, म्हणजे १५,८०० उपलब्ध होते. दर नोडमागे १,९३६ एमआय गेले आणि आठ नोडवर मिळून १५,४८८. म्हणजे जवळजवळ एक अख्खा नोड क्लस्टरमधून वजा झाला.

आता शेवटच्या टप्प्याचा विचार करा. सात नोडवर बदल झालेला आहे आणि आठवा रिकामा होतोय. तेव्हा सगळ्या पॉडच्या मेमरी रिक्वेस्ट (पॉडने आधीच मागून ठेवलेली मेमरी) ७ गुणिले १३,८६४ म्हणजे ९७,०४८ एमआयमध्ये मावल्या पाहिजेत. आज त्यांची बेरीज १,०५,००० असेल तर पहिले काही नोड बिनबोभाट पार पडतील आणि नंतर कधीतरी पॉड जागेअभावी पेंडिंगमध्ये साचायला लागतील. तेव्हा आधी एक नोड वाढवा किंवा रिक्वेस्ट कमी करा. प्रत्येक नोडच्या डिस्क्राइबच्या तळाशी अलोकेटेड रिसोर्सेस हा भाग असतो, बेरीज तिथून करायची. कुबसीटीएल टॉपमधला वापराचा आकडा इथे कामाचा नाही, शेड्युलर रिक्वेस्टवरूनच जागा ठरवतो. बेरीज जेमतेम मावत असेल तरी सावध राहा, कारण उरलेली जागा सात नोडवर तुकड्यातुकड्यांत विखुरलेली असते आणि ४ जीबी मागणारा एखादा पॉड कुठल्याच तुकड्यात बसत नाही.

त्यानंतर सगळ्या नेमस्पेसमधले पीडीबी पाहा. अलाउड डिसरप्शन्स या रकान्यात शून्य असलेला प्रत्येक पीडीबी ड्रेन अडवणार आहे. दोन कारणं नेहमीची. एक, मिनिमम अव्हेलेबल आणि रेप्लिकांची (पॉडच्या प्रतींची) संख्या सारखीच ठेवलेली: रेप्लिका १ आणि मिनिमम अव्हेलेबल १ म्हणजे कधीच हलता येणार नाही. दोन, काही पॉड आधीपासूनच नापास अवस्थेत असल्यामुळे शिल्लक संपलेली. पहिल्यासाठी त्या ॲप्लिकेशनच्या टीमशी बोलून रेप्लिका वाढवून घ्या. दुसऱ्यासाठी पीडीबीत अनहेल्दी-पॉड-इव्हिक्शन-पॉलिसी हे फील्ड ऑलवेज-अलाउ करता येतं, त्यामुळे जे पॉड मुळात चालतच नाहीत ते वाट अडवत नाहीत. ही बोलणी ड्रेन सुरू व्हायच्या आधी व्हावीत. अर्ध्या रात्री अडकलेल्या ड्रेनसमोर बसून दुसऱ्या टीमचा पीडीबी डिलीट करणं हा मार्ग नाही.

आधी एकाच नोडवर

कॉन्फिगमॅपला सुरुवातीलाच हात लावू नका. तो बदलल्याच्या क्षणापासून कुबएडीएम जॉइनने येणारा प्रत्येक नवा नोड ती नवी, अजून न तपासलेली सेटिंग घेऊन येतो. त्याच रात्री एखादा नोड बिघडला आणि बदली नोड जोडावा लागला, तर दोन अडचणी एकत्र येतात. म्हणून बदल आधी एका नोडच्या फाइलमध्ये हाताने करायचा, तिथे सिद्ध झाला की मगच कॉन्फिगमॅपमध्ये. हा पहिला नोड शक्यतो ज्यावर एकच प्रत असलेली डेटाबेससारखी ॲप्लिकेशन नाहीत असा निवडा.

१. सध्याची स्थिती जपून ठेवा. कॉन्फिग.यॅमलची तारीख घातलेली प्रत घ्या, पण ड्रॉप-इन डिरेक्टरीत नको. त्याबरोबरच चालू कुबलेटलाच त्याची सेटिंग विचारा: कुबसीटीएल गेट रॉ आणि पुढे /एपीआय/व्ही१/नोड्स/नोडचं नाव/प्रॉक्सी/कॉन्फिगझेड. उत्तरात जेसन येतो. त्यात डिफॉल्टसह सगळी मूल्यं असतात, म्हणून फाइलपेक्षा तो कितीतरी मोठा दिसतो. तो फाइलमध्ये साठवा, शेवटी तुलनेला लागणार आहे. यासाठी नोड्स/प्रॉक्सीची परवानगी लागते.

२. कुबसीटीएल कॉर्डन. यानंतर या नोडवर नवे पॉड येत नाहीत, असलेले तसेच राहतात.

३. कुबसीटीएल ड्रेन, सोबत इग्नोर-डीमनसेट्स, डिलीट-एम्प्टीडिर-डेटा आणि टाइमआउट म्हणून १५ मिनिटं. डीमनसेटचे (प्रत्येक नोडवर एक असे चालणारे) पॉड काढले तरी ते लगेच परत येणार, म्हणून पहिला पर्याय नेहमीच लागतो. दुसरा मात्र विचार करून द्या: एम्प्टीडिरमधला (पॉडच्या तात्पुरत्या डिरेक्टरीतला) डेटा पॉडबरोबर कायमचा जातो. बहुतेक ठिकाणी ती नुसती तात्पुरती कॅश असते, पण कोणी त्यात रांगेतली कामं किंवा अपलोड साठवत असेल तर ते आताच कळलेलं बरं. फोर्स हा पर्याय सवयीने लावू नका. ज्या पॉडला मागे कोणी कंट्रोलर नाही असे सुटे पॉड त्याने काढले जातात आणि ते पुन्हा कुठेही उभे राहत नाहीत. ड्रेन "फोर्स द्या" असं सांगून थांबला तर त्याने दिलेली नावं वाचा आणि त्या पॉडचा मालक शोधा.

पीडीबी आडवा आला तर ड्रेन दर ५ सेकंदांनी पुन्हा प्रयत्न करतो आणि प्रत्येक वेळी तीच तक्रार छापतो. एखाद-दोन मिनिटं असं चालणं स्वाभाविक आहे, कारण दुसऱ्या नोडवर नवा पॉड तयार झाला की शिल्लक वाढते आणि वाट मोकळी होते. पाच मिनिटांनंतरही तोच पॉड असेल तर तो नवा पॉड का उभा राहत नाही ते पाहा: इमेज ओढली जातेय, जागा नाही, की व्हॉल्यूम जुन्या नोडवरून अजून सुटलेला नाही.

४. फाइल बदला. कुब-रिझर्व्ह्डखाली सीपीयू २००एम (एका कोअरचा पाचवा भाग) आणि मेमरी १जीआय, सिस्टिम-रिझर्व्ह्डखाली सीपीयू २००एम आणि मेमरी ५१२एमआय, इव्हिक्शन-हार्डखाली पाच ओळी.

इव्हिक्शन-हार्डमधला सापळा इतका नेमाने पाय अडकवतो की तो सविस्तर सांगायला हवा. काहीच लिहिलं नाही तर डिफॉल्ट असे असतात: मेमरी १०० एमआय, नोडच्या डिस्कवर १०% जागा, आयनोड ५%, इमेजच्या डिस्कवर १५% जागा आणि नव्या आवृत्त्यांत तिथले आयनोडही ५%. आपल्याला फक्त मेमरी बदलायची म्हणून तेवढी एकच ओळ लिहिली की बाकीचे डिफॉल्ट तसेच राहतील असं वाटतं. तसं होत नाही, ते शून्य होतात. नोड मस्त चालतो, मेमरीची अडचण सुटते आणि काही आठवड्यांनी डिस्क १००% भरून नोड बसतो, कारण डिस्कसाठी पॉड बाहेर काढणारा पहारेकरी आपणच नकळत काढून टाकलेला असतो. म्हणून पाचही ओळी लिहायच्या: मेमरी.अव्हेलेबल ५००एमआय, नोडएफएस.अव्हेलेबल १०%, नोडएफएस.आयनोड्सफ्री ५%, इमेजएफएस.अव्हेलेबल १५%, इमेजएफएस.आयनोड्सफ्री ५%.

दुसरी गोष्ट अवतरणचिन्हांची. राखीव मूल्यांच्या जागी कुबलेटला अक्षरमाला हवी असते. २००एममध्ये अक्षर आहे म्हणून यॅमल ती आपोआप अक्षरमाला धरतं. पण सीपीयूपुढे नुसता १ लिहिला तर तो आकडा होतो आणि कुबलेट "आकडा अक्षरमालेत बसत नाही" असं म्हणून सुरूच होत नाही. सगळी मूल्यं दुहेरी अवतरणात ठेवा म्हणजे विचारच करायला नको. उलट कमाल पॉडसंख्येसारख्या फील्डला आकडाच हवा, तिथे अवतरण दिलं तरी कुबलेट अडतो.

एन्फोर्स-नोड-अलोकेटेबलमध्ये डिफॉल्टने फक्त पॉड्स असतं. ते तसंच राहू द्या. तिथे सिस्टिम-रिझर्व्ह्ड वाढवलं तर त्यासाठीचा सीग्रुप आधीपासून अस्तित्वात लागतो. नसेल तर कुबलेट उठत नाही, आणि असेल तर एसएसएचसारख्या सिस्टिम सर्व्हिसच त्या मर्यादेत चिरडल्या जाऊ शकतात.

५. सिस्टिमसीटीएल रीस्टार्ट कुबलेट, आणि लगेच जर्नलसीटीएलने कुबलेटचा लॉग चालू ठेवा. कुबएडीएमच्या पॅकेजमधली सर्व्हिस फाइल अशी लिहिलेली असते की कुबलेट पडला तर १० सेकंदांनी पुन्हा उठवला जातो. त्यामुळे सिस्टिमसीटीएल स्टेटस चुकीच्या क्षणी पाहिला तर "ॲक्टिव्ह" दिसतो आणि सगळं ठीक आहे असा समज होतो. किमान अर्धा मिनिट लॉग पाहा. तोच सुरुवातीचा मजकूर दर १० सेकंदांनी पुन्हा येत असेल तर कुबलेट उठून पुन्हा पुन्हा पडतोय.

लॉगमध्ये आणखी एक ओळ मुद्दाम शोधायची: लीनियंट डीकोडिंगचा उल्लेख असलेली. फील्डचं नाव चुकलं, म्हणजे एखादं अक्षर गाळलं किंवा मोठ्याच्या जागी लहान अक्षर पडलं, तर कडक वाचन फसतं. तेव्हा कुबलेट सैल वाचनाकडे वळतो, अनोळखी फील्ड सोडून देतो आणि निवांत सुरू होतो. इशारा म्हणून फक्त ती एक ओळ लॉगमध्ये उरते. नोड रेडी, पॉड चालू, आणि सेटिंग लागलेलीच नाही.

६. खात्री करा. पुन्हा कॉन्फिगझेड मागवा आणि आधी साठवलेल्या जेसनशी डिफ काढा. जी फील्ड बदलली तेवढीच फरकात दिसली पाहिजेत. जास्त दिसली तर आपण नकळत आणखी काही हलवलंय. कमी दिसली तर वरचा फ्लॅग जिंकला किंवा नाव चुकलं. मग डिस्क्राइब नोडमध्ये अलोकेटेबल पाहा, हिशोबातला १३,८६४ एमआयचा आकडा तिथे आला पाहिजे. तो किलोबाइटच्या एककात, केआयमध्ये, दिसतो. १,०२४ ने भागून घ्या.

७. कुबसीटीएल अनकॉर्डन. हे विसरणं ही सगळ्यांत सामान्य चूक आहे. नोड रेडी दिसतो, बाजूला बारीक अक्षरांत शेड्युलिंग डिसेबल्ड लिहिलेलं असतं, आणि कामाचा सगळा भार उरलेल्यांवर पडतो. अनकॉर्डननंतर हललेले पॉड आपोआप परत येत नाहीत, नवे पॉड तयार होतील तसाच हा नोड भरतो. म्हणून एखादा छोटा पॉड नोडनेम देऊन मुद्दाम या नोडवर चालवा आणि त्याला आयपी मिळतोय, डीएनएस चालतंय, इमेज ओढली जातेय हे पाहा.

हा नोड किमान एक दिवस, शक्यतो गर्दीची वेळ धरून, तसाच चालू द्या. मेमरीशी संबंधित बदलांचा परिणाम पहिल्या तासात दिसत नाही.

मग बाकीचे नोड

आता कॉन्फिगमॅप बदला: कुबसीटीएल एडिटने कुबलेट-कॉन्फिग उघडून त्यातल्या कुबलेट या कीखाली तेच बदल. मग प्रत्येक नोडवर ड्रेननंतर कुबएडीएम अपग्रेड नोड फेज कुबलेट-कॉन्फिग चालवलं की तो कॉन्फिगमॅपवरून नोडवरची कॉन्फिग.यॅमल नव्याने लिहितो. रीस्टार्ट आपणच करायचा. याचा दुसरा अर्थ असा की एखाद्या नोडवर हाताने केलेला वेगळा बदल असेल तर तो या कमांडने पुसला जातो, आणि पुढच्या आवृत्ती-अपग्रेडच्या वेळीही पुसला जातो. नोडगणिक वेगळं मूल्य खरोखरच हवं असेल, उदाहरणार्थ काही मशीन ६४ जीबीची आहेत, तर ते ड्रॉप-इन फाइलमध्ये किंवा कुबएडीएमच्या पॅच फाइलमध्ये ठेवा. पॅचची डिरेक्टरी प्रत्येक अपग्रेडला पुन्हा द्यावी लागते, ते अपग्रेडच्या टिपणात लिहून ठेवा.

एका वेळी एकच नोड. आठ नोडच्या क्लस्टरमध्ये दोन एकदम काढले तर क्षमतेचा चौथा हिस्सा गेला. अनसिबल या ऑटोमेशन साधनाने करत असाल तर सीरियल १ ठेवा, आणि ड्रेन, बदल, रीस्टार्ट, कॉन्फिगझेडची तपासणी, अनकॉर्डन या सगळ्या पायऱ्या एकाच प्लेमध्ये ठेवा. तपासणी फसली की प्ले तिथेच थांबला पाहिजे. नोड रेडी आहे एवढ्यावर पुढे जाणारी स्क्रिप्ट चुकीचं फील्ड आठही नोडवर नेऊन पोचवते. दोन नोडच्या मध्ये नुसता ठरावीक वेळ थांबण्यापेक्षा क्लस्टरमध्ये एकही पॉड पेंडिंग नाही आणि पीडीबींची शिल्लक पूर्ववत झाली आहे ही अट घाला.

ज्यांना वेगळी वागणूक लागते

सीपीयू मॅनेजर नन वरून स्टॅटिक केला आणि कुबलेट रीस्टार्ट केला, की तो जुन्या धोरणाची नोंद सापडली म्हणून सुरू व्हायला नकार देतो. ड्रेन करायचा, कुबलेट थांबवायचा, /व्हार/लिब/कुबलेट/सीपीयू_मॅनेजर_स्टेट ही फाइल काढायची, धोरण बदलायचं, मग सुरू करायचा. मेमरी मॅनेजरचंही तसंच, त्याची स्वतःची मेमरी_मॅनेजर_स्टेट फाइल असते. स्टॅटिक धोरणाला राखीव सीपीयू शून्यापेक्षा जास्त लागतो, नाहीतर तेवढ्यावरूनही कुबलेट अडून बसतो.

सीग्रुप ड्रायव्हर बदलताना दोन टोकं एकाच वेळी बदलायची असतात: कुबलेटच्या फाइलमधलं सीग्रुप-ड्रायव्हर आणि /इटीसी/कंटेनरडी/कॉन्फिग.टॉमलमधलं सिस्टिमडी-सीग्रुप. क्रम असा: ड्रेन, कुबलेट बंद, कंटेनरडी बंद, दोन्ही फाइलींत बदल, कंटेनरडी सुरू, कुबलेट सुरू, अनकॉर्डन. कंटेनरडी २.० मध्ये कॉन्फिग फाइलची रचना आणि प्लगिनची नावं बदलली. जुन्या लेखातला तुकडा तसाच चिकटवला तर तो चुकीच्या विभागात पडतो. कंटेनरडी कॉन्फिग डंप चालवून प्रत्यक्षात लागू झालेली सेटिंग पाहा.

कंटेनरडीचे इतर बदल तुलनेने सोपे आहेत. त्याचा रीस्टार्ट चालू कंटेनर मारत नाही, कारण प्रत्येक पॉडमागे एक शिम प्रोसेस स्वतंत्रपणे उभी असते. रजिस्ट्री मिरर सर्ट्स.डी डिरेक्टरीतल्या होस्ट्स.टॉमल फाइलींत ठेवले असतील तर त्या बदलल्यावर रीस्टार्टही लागत नाही.

आणि मशीन जर क्लाउडच्या नोड गटातून किंवा क्लस्टर एपीआयने (क्लस्टरची मशीन आपोआप बनवणाऱ्या साधनाने) येत असतील, तर नोडवर लॉगिन करून फाइल बदलणं व्यर्थ आहे. पुढच्या वेळी मशीन बदललं की बदल गेला. तिथे टेम्प्लेट बदलायचा आणि जुने नोड काढून नवे येऊ द्यायचे. क्लस्टर एपीआयमध्ये टेम्प्लेट जागच्या जागी बदलत बसू नका. नव्या नावाचा टेम्प्लेट बनवून मशीन डिप्लॉयमेंटला त्याकडे वळवलं की एक-एक मशीन बदललं जातं. पीडीबीचा आणि क्षमतेचा वरचा हिशोब तिथेही तसाच लागू होतो.

मागे फिरायचं असेल तर

एका नोडपुरतं असेल तर सोपं: कॉर्डन, ड्रेन, जपलेली फाइल जागेवर, रीस्टार्ट, कॉन्फिगझेडची तुलना, अनकॉर्डन. सीपीयू मॅनेजरचं धोरण उलटवत असाल तर स्टेट फाइल पुन्हा काढावी लागते. कुबलेट उठतच नसेल आणि नोडवर अजून पॉड असतील तर ड्रेनची वाट न बघता आधी फाइल परत ठेवून कुबलेट उठवा. बंद कुबलेटच्या नोडवरचे पॉड ड्रेनला नीट थांबवता येत नाहीत, ते टर्मिनेटिंगमध्ये लटकतात आणि त्यांचे व्हॉल्यूमही अडकून राहतात.

बाकीच्या नोडपर्यंत पोचल्यावर मागे फिरत असाल तर सुरुवात कॉन्फिगमॅपपासून करा, नोड नंतर. उलट क्रमाने गेलात तर आठही नोड जुन्या सेटिंगवर येतात, कॉन्फिगमॅपमध्ये फसलेली सेटिंग तशीच राहते आणि पुढच्या अपग्रेडला ती आपोआप सगळीकडे परत लागते.